आधी तुकडा, मग गोळी

किडनी बसवलेल्या माणसाच्या मनगटाजवळ एक गाठ येते. लालसर, फारशी न दुखणारी. महिन्या-दीड महिन्यात तिच्या वर, कोपराच्या दिशेने, आणखी दोन-तीन गाठी ओळीने उठतात. ताप नाही, खोकला नाही, भूक नेहमीसारखी. तो ज्या दवाखान्याची पायरी पहिल्यांदा चढेल, तिथल्या डॉक्टरने काय करावं?

या प्रश्नावर आमच्या नात्यातल्या दोन डॉक्टरांचं मुळीच जमत नाही. एक आमचे काका. त्यांनी आयुष्यभर नागपूरच्या महाल भागात दवाखाना चालवला आणि आजही सकाळचे दोन तास ते तिथे बसतात. दुसऱ्या त्यांच्या सूनबाई, माझ्या वहिनी. त्या सूक्ष्मजीवशास्त्रातल्या, त्यामुळे रुग्णाच्या आधी त्याच्या अंगातला तुकडा त्यांच्या हाती येतो. इकडच्या रीतीप्रमाणे त्या सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मान पूर्ण देतात, पण मुद्दा सोडत नाहीत. त्यांची ही वादावादी मी अनेकदा ऐकली आहे. इथे ती एका सलग बैठकीत बसवून लिहिते आहे. तसं करण्याचं कारण एवढंच, की हा वाद आता घरापुरता राहिलेला नाही. सुपर स्पेशालिटीत आणि खासगी रुग्णालयांत किडन्या बसवल्या जातात, कॅन्सरची औषधं नागपुरातच मिळतात, संधिवात आणि सोरायसिससाठी प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शनं दिली जातात. एचआयव्हीचे रुग्ण औषधांवर वर्षानुवर्षं जगतात आणि जगायलाच हवेत. अशा माणसांची संख्या वाढते आहे, आणि त्यांच्यातल्या कुणाला गाठ आली तर तो आधी गल्लीतल्याच डॉक्टरकडे जातो.

काका : माझं उत्तर सरळ आहे. जे आपल्या भागात जास्त, ते आधी शोधायचं. विदर्भात कातडीवर चट्टा किंवा गाठ दिसली, की मी आधी कानाची पाळी चिमटीत धरून बघतो. मग कोपराच्या आतल्या बाजूची नस बोटाने चाचपतो. मग कापूस फिरवून विचारतो, इथे कळतं का, इथे कळतं का. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा हे कुष्ठरोगाचे जुने पट्टे आहेत. 2005 च्या अखेरीस देशाने दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठलं, सरकारने त्याला निर्मूलन म्हटलं, आणि लोकांना वाटलं रोगच गेला. रोग गेला नाही बेटा. आपण शोधायचं सोडलं. कुष्ठरोगानंतर नंबर क्षयाचा. या दोन्हींतून सुटला, तर मग तुझे ते लांबलचक नावांचे जंतू.

वहिनी : कानाची पाळी बघायलाच हवी मामाजी, त्यावर माझं काहीच म्हणणं नाही. पण 'जे जास्त ते आधी' हा हिशेब धडधाकट माणसाचा आहे. या माणसाच्या पोटात रोज टॅक्रोलिमस जातं, मायकोफेनोलेट जातं, स्टिरॉइडची गोळी जाते. बसवलेली किडनी परकी आहे हे शरीराने ओळखू नये, म्हणून ही औषधं. मग परका जंतूही शरीर धड ओळखत नाही. पाण्यात, मातीत, नळाच्या आतल्या चिकट थरात राहणारे मायकोबॅक्टेरियाचे, म्हणजे क्षय-कुष्ठाच्या जंतूंच्या कुळातले, कितीतरी प्रकार आहेत. आपण रोज त्यांच्यासोबत अंघोळ करतो आणि काही होत नाही. याला साधं खरचटलं तरी ते आत शिरून तळ ठोकतात. 2021 चा मे महिना आठवा. त्याआधी तुम्ही म्युकरचे किती रुग्ण पाहिले होते?

काका या प्रश्नावर थांबतात, आणि थांबण्यासारखंच ते आहे. म्युकरमायकोसिस हा एरवी पुस्तकातला रोग. कोविड, मधुमेह आणि स्टिरॉइड हे तिन्ही एका शरीरात आले, आणि राज्यात सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत नागपूर जाऊन बसलं. लोकांचे डोळे काढावे लागले, वरचे जबडे काढावे लागले. अँफोटेरिसिनच्या कुपीसाठी नातेवाईक दुकानोदुकानी फिरत होते, आणि शेवटी वर्ध्याच्या एका कंपनीत ते इंजेक्शन तयार व्हायला लागलं. ती बुरशी होती, मायकोबॅक्टेरिया नव्हे. पण शरीराचा पहारा उठला की दुर्मीळ म्हटलेला रोग किती लवकर ओळखीचा होतो, हे नागपूरला कुणी वेगळं शिकवायची गरज नाही. वहिनींचा मुद्दा मला इथे पूर्ण पटतो.

काका : म्युकरचं कबूल. पण उलट उदाहरण माझ्याकडेही आहे. एचआयव्ही आला तेव्हा आम्ही सगळे धास्तावलो होतो, की आता विदर्भात कुष्ठरोगाचा भडका उडणार. क्षयाचा उडाला. कुष्ठरोगाचा उडाला नाही. म्हणजे प्रतिकारशक्ती खाली गेली म्हणून प्रत्येक जंतू वर येतो, असं नसतं.

वहिनी : नसतं, हे खरं. पण पुढचंही सांगा ना. एचआयव्हीची औषधं सुरू केल्यावर काही महिन्यांत, पेशी सावरायला लागल्या की, आत निपचित पडलेला कुष्ठरोग एकदम लाल चट्टे घेऊन वर येतो. आधी शरीर भांडतच नव्हतं म्हणून चट्टाही दिसत नव्हता. ताकद परत आली आणि भांडण सुरू झालं. संधिवाताची ती टीएनएफ रोखणारी इंजेक्शनं घेणाऱ्यांतही हे दिसलं आहे. इंजेक्शन चालू असताना कुष्ठरोग दिसू लागला, आणि बंद केल्यावर कातडी भडकली.

काका : आणि ते इंजेक्शन देण्याआधी काय तपासतात? छातीचा फोटो, क्षयाची रक्ततपासणी. शर्ट काढायला कोण सांगतो? पाठ कोण बघतो? अगं, चांगल्या उजेडात पाठ बघायला एक पैसा लागत नाही. वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान 1951 साली उभं राहिलं, तेव्हा त्यांचे कार्यकर्ते घराघरांत जाऊन हेच करत होते. बघा, समजावून सांगा, औषध द्या. बहुविध औषधोपचार देशात ज्या जिल्ह्यांत सगळ्यात आधी सुरू झाला, त्यांतही वर्धा होता. हे सगळं डोळ्यांनी आणि बोटांनी झालं. तुमच्या यंत्रांनी नाही.

काकांचा हा अभिमान उगाच नाही. मायकोबॅक्टेरिया आणि कातडी यांचा जेवढा अनुभव नागपूरच्या आसपासच्या शंभर-दीडशे किलोमीटरांत साठला आहे, तेवढा फार थोड्या ठिकाणी असेल. 1936 साली मनोहरजी दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. सेवाग्रामला गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्रींच्या जखमा स्वतः धूत. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांचं आनंदवन उभं राहिलं. बाबांनी कलकत्त्याला स्वतःच्या शरीरात कुष्ठजंतू टोचून घेतले होते, प्रयोगाला माणूस हवा होता म्हणून. त्यांना रोग झाला नाही. शंभरातल्या सुमारे पंचाण्णवांना तो होतच नाही, कारण त्यांची उपजत प्रतिकारशक्ती जंतूला थारा देत नाही. बाबांच्या धैर्याची ही गोष्ट आपण नेहमी सांगतो. तिच्यातच शरीराच्या पहाऱ्याचंही मोठं प्रात्यक्षिक आहे, आणि ज्याचा पहारा औषधांनी उठवलेला आहे त्याच्याविषयी बोलताना ते लक्षात ठेवायला हवं.

वहिनी : बोटांनी जे कळतं ते खोटं नाही मामाजी. पण या माणसात रोगाचं रूपच बदलतं. तुमच्या-माझ्यात शरीर जंतूभोवती पेशींचं कडं करतं, गाठ टणक राहते, पॅथॉलॉजिस्टला काचेवर तो नमुना ओळखीचा वाटतो. याच्यात कडं नीट होत नाही. गाठी जागोजागी उठतात, मऊ पडतात, फुटतात. स्मिअरमध्ये लाल काड्यांचे नुसते थर दिसतात. एवढे जंतू पाहिले की आपल्याकडे पहिला शब्द तोंडात येतो तो कुष्ठरोगच. आणि मायकोबॅक्टेरियम हिमोफिलमने कुष्ठरोगाची हुबेहूब नक्कल केल्याच्या नोंदी आहेत. हा जंतू पहिल्यांदा 1978 मध्ये इस्रायलमध्ये वर्णिला गेला, हॉजकिन्सचा कॅन्सर असलेल्या एका बाईच्या कातडीच्या जखमांतून. त्याला वाढायला लोह लागतं. जंतू वाढवायच्या आपल्या नेहमीच्या एलजे मीडियममध्ये ते पुरेसं नसतं, म्हणून कल्चर निगेटिव्ह येतं. काचेवर जंतू दिसतात आणि बाटलीत काही उगवत नाही. आता जो बाटलीत उगवत नाही पण काचेवर दिसतो, असा आपल्या ओळखीचा जंतू कोणता?

काका : कुष्ठाचा. तो तर कुठल्याच बाटलीत उगवत नाही.

वहिनी : म्हणून तोच ठरवून टाकतात.

काका : बरं, मग उलटं करू. असं समज की मला क्षयाचा संशय आहे. क्षयाची सीबीनॅट चाचणी निगेटिव्ह आली. तरी मी एकेटी, म्हणजे क्षयाच्या गोळ्या, सुरू करीन, सहा-आठ आठवडे बघीन. उतरलं तर क्षयच होता. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललं आहे, आणि त्याने माणसं बरी झाली आहेत. कल्चरला सहा आठवडे लागतात. तेवढ्यात हा माणूस कुठे असेल? गडचिरोलीतल्या एटापल्लीहून नागपूरला यायला त्याचा दिवस जातो, मजुरी बुडते, सोबत कुणीतरी लागतं त्याचीही बुडते. 'रिपोर्ट आला की या' म्हटलं तर तो येणार नाही. तुझ्याकडे बाटलीत जंतू उगवेल आणि माणूस हातातून गेलेला असेल.

हा काकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा, आणि शहरातले डॉक्टर तो फार हलक्याने घेतात असं मला वाटतं. पण वहिनींनी त्याला दिलेलं उत्तर मी पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा या सगळ्या वादाकडे बघायची माझी नजर बदलली. त्यांनी कल्चरचं समर्थन केलंच नाही. त्या थेट गोळीकडे वळल्या.

वहिनी : एकेटीत रिफाम्पिसिन आहे ना?

काका : आहेच.

वहिनी : रिफाम्पिसिन यकृतातली जी यंत्रणा जागी करतं, तीच टॅक्रोलिमस मोडून काढते. आठवड्या-दोन आठवड्यांत टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी कोसळते. डोस वाढवला नाही, पातळी मोजली नाही, तर शरीर किडनी नाकारायला लागतं. आईने नाहीतर बायकोने दिलेली किडनी मामाजी. आता दुसरी बाजू. समजा कुणाला शंका आली की हा पाण्यातला जंतू आहे, आणि त्याने क्लॅरिथ्रोमायसिन दिलं. ते उलट करतं. टॅक्रोलिमस मोडूच देत नाही. पातळी चढते आणि किडनीला औषधाचंच विष होतं. दोन्हीकडून तीच किडनी जाते. धडधाकट माणसात चुकीची गोळी बहुतेक वेळा फक्त वाया जाते. याच्यात ती अवयव घेऊन जाऊ शकते. म्हणून 'देऊन बघू' हा प्रयोग याच्यावर करता येत नाही. करायचाच झाला, तर किडनीच्या डॉक्टरला त्याच दिवशी फोन करून.

काका : हं. हे मला माहीत आहे, पण गाठ बघताना किडनी डोळ्यांपुढे राहत नाही, हे खरं.

वहिनी : आणि 'उतरलं म्हणजे क्षयच होता' हेही टिकत नाही. माशांच्या टाकीत, तळ्यात असणारा मॅरिनम नावाचा जंतू आहे. ओळीने वर चढणाऱ्या गाठी ही त्याची ठरलेली खूण. तो रिफाम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉलला बऱ्यापैकी दबतो. म्हणजे एकेटीने गाठ उतरेल, तुम्ही क्षय म्हणून नोंद कराल, सहा महिन्यांनी गोळ्या बंद कराल, आणि प्रतिकारशक्ती नसलेल्या या माणसात ती परत उठेल. मग तुम्ही म्हणाल, औषधाला न जुमानणारा क्षय. आणखी वाईट, तो कुष्ठरोग असेल तर? रिफाम्पिसिनने जंतू भराभर मरतील, चट्टा फिका पडेल, सगळे खूष. पण डॅप्सोन नाही, क्लोफॅझिमिन नाही, नसा कुणी तपासल्या नाहीत. बोटं वाकडी झाल्यावर तो परत येईल. याउलट अ‍ॅबसेसस, किलोनी, फॉर्च्युइटम या भराभर वाढणाऱ्या जंतूंवर एकेटीची बहुतेक औषधं चालतच नाहीत. महिनोन्‌महिने गोळ्या, त्यांचा यकृताला त्रास, आणि गाठ होती तशीच.

काका : भराभर वाढणारे म्हणजे तेच ना, दुर्बिणीच्या ऑपरेशननंतरचे?

वहिनी : तेच. पित्ताशय काढलेलं असतं, जखम छान भरते, टाके निघतात, आणि तीन-चार आठवड्यांनी बेंबीच्या छिद्रापाशी एक गाठ येते, तिला तोंड फुटतं, पातळ पू झिरपत राहतो. साधी अँटिबायोटिक्स चालत नाहीत. हे धडधाकट माणसांतही होतं. दुर्बिणीची उपकरणं ग्लुटराल्डिहाइडमध्ये वीस मिनिटं बुडवली की काम झालं असं समजतात. सांध्याकोपऱ्यांतले जंतू त्यात मरत नाहीत, आणि वर ती उपकरणं नळाच्या पाण्याने विसळली की उरलासुरला उपायही धुऊन जातो. ब्राझीलमध्ये 2006-07 च्या सुमारास एकट्या रिओ दि जानेरो राज्यात साठाहून जास्त रुग्णालयांत मिळून हजाराच्या वर संशयित रुग्ण सापडले. तिथला जंतू दोन टक्के ग्लुटराल्डिहाइडला सरावलेला निघाला. तपासणी झाली म्हणून कारण कळलं. सगळ्यांना आंधळेपणाने एकेटी दिली असती, तर उपकरणांकडे कुणी बघितलं असतं का?

इथे काका सहसा चहा मागवतात. पण ते माघार घेत नाहीत. त्यांचा पुढचा प्रश्न नेहमी कामाचा असतो, आणि वहिनींचं उत्तम बोलणंही त्या प्रश्नानंतरच सुरू होतं.

काका : मान्य केलं. तुकडा काढतो. पुढे? मागे एकदोघांचे तुकडे पाठवले, तर कल्चरचा रिपोर्ट आला, 'नमुना तपासणीयोग्य नाही'. रुग्णाला सुई टोचली, कातडी कापली, टाका घातला, आणि हाती काही नाही. त्याला मी काय तोंड दाखवू?

वहिनी : बाटलीत काय होतं?

काका : फॉर्मलिन. तुकड्याच्या बाटलीत दुसरं काय असतं?

वहिनी : तिथेच सगळं संपतं मामाजी. फॉर्मलिनमध्ये तुकडा पडला की त्यातला जंतू मेला. पॅथॉलॉजिस्टला पेशींची रचना बघायला तो तुकडा उत्तम, माझ्यासाठी तो दगड. एका तुकड्याचे दोन करायचे. अर्धा फॉर्मलिनमध्ये, पॅथॉलॉजीला. अर्धा निर्जंतुक बाटलीत, सलाइनचे दोन-चार थेंब टाकून, फक्त वाळू नये एवढ्यापुरते. तो माझ्याकडे, त्याच दिवशी. मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवून पाठवू नका, बर्फाच्या पेटीतून पाठवा. आणि फॉर्मवर एक ओळ लिहा, की रुग्णाची प्रतिकारशक्ती दबलेली आहे, जखम कातडीची आहे. त्या ओळीने माझं पुढचं सगळं काम बदलतं.

काका : एका ओळीने?

वहिनी : हो. ओळ नसेल तर तुकडा थुंकीच्या नमुन्यांबरोबर जातो. थुंकीतले इतर जंतू मारायला आम्ही तीव्र कॉस्टिक सोडा वापरतो. क्षयाचा जंतू तो सोसतो, काही नाजूक भाऊबंद सोसत नाहीत. मग तो सदतीस अंशांवर ठेवला जातो, कारण क्षयाचा जंतू छातीतला, त्याला शरीराच्या आतली ऊब लागते. मॅरिनम, हिमोफिलम, किलोनी यांना तीस-बत्तीस अंश हवे असतात. सदतीसला ते उगवतच नाहीत किंवा रडतखडत उगवतात. म्हणून दोन संच लावायचे, एक सदतीसला, एक तीसला, आणि लोह मिसळलेलं एक माध्यम वेगळं.

काका : तीस अंश. म्हणजे हाता-पायाची कातडी, कानाची पाळी, नाकाचा शेंडा.

वहिनी : बरोबर. शरीराचे थंड भाग.

काका : अगं बाप्पा, कुष्ठरोगही तेच भाग धरतो! काख, जांघ, डोक्याची कातडी बहुधा सोडतो. उबेच्या जागा. पाळी म्हणूनच तर चिमटीत धरतो मी.

मला या दोघांचा वाद आवडतो तो अशा क्षणांसाठी. काकांच्या बोटांना जे वर्षानुवर्षं ठाऊक होतं, ते वहिनींच्या जंतू वाढवण्याच्या पेटीवर आकड्यात लिहिलेलं असतं. आणि ती तीस अंशांची पेटीही नागपुरात सोपी नाही. नेहमीची इन्क्युबेटर फक्त तापवते. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश आणि खोलीतच चाळीसच्या आसपास असेल, तर नुसती तापवणारी पेटी तीसवर येणार कशी? तिथे थंडही करणारी पेटी लागते, तिला दिवसरात्र वीज लागते. ऐन उन्हाळ्यात लाइट गेली की वहिनींचा जीव टांगणीला लागतो. थंड देशांत लिहिलेल्या पुस्तकांत हा त्रास लिहिलेला नसतो.

काका : पण एक सांग. हे सगळं करणारी प्रयोगशाळा गडचिरोलीत आहे का? तालुक्याला आहे का? तिथल्या डॉक्टरने काय करायचं?

वहिनी : त्याने फक्त तुकडा दोन बाटल्यांत घालायचा आणि पाठवायचा. नागपुरात मेडिकलला, मेयोला, नाहीतर सेवाग्रामला, जिथे जमेल तिथे. आधी फोन करून विचारायचं, की तीस अंशांवर लावता का. आणि सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणून फाइल बंद करायची नाही. ते यंत्र फक्त क्षयाच्या कुळाला ओळखतं. कुष्ठरोगाला नाही, पाण्यातल्या जंतूंना नाही. तिथे 'निगेटिव्ह'चा अर्थ 'मायकोबॅक्टेरिया नाहीत' असा होत नाही.

काका : आणि तोवर रुग्ण?

वहिनी : तोवर गाठ आहे, माणूस स्थिर आहे, तर थांबता येतं. ताप चढला, डोळ्याजवळ किंवा सांध्यात पसरलं, तर थांबायचं नाही. मोठ्या रुग्णालयात पाठवायचं, आणि तिथे तुकडा काढून त्याच दिवशी औषध सुरू करायचं. मी औषध रोखा म्हणत नाही. पहिल्या गोळीआधी तुकडा घ्या, एवढंच म्हणते. साधं क्विनोलोन अँटिबायोटिक आठवडाभर दिलं तरी यांतले काही जंतू अर्धमेले होतात, मग माझ्याकडे काही उगवत नाही.

काका : मलमांचं राहिलंच. माणूस माझ्याकडे येतो तोवर औषधाच्या दुकानातून स्टिरॉइडचं मलम लावून आलेला असतो. 2018 साली सरकारने कातडीवरची स्टिरॉइडं चिठ्ठीशिवाय विकू नका म्हणून नियम केला. मिळायची ती मिळतातच. लाली जाते, खाज जाते, खालचा रोग वाढत राहतो. किडनीवाल्यासारखं याने काही मोठं घेतलेलं नसतं, पण त्या तळहाताएवढ्या जागेपुरती याचीही प्रतिकारशक्ती गेलेली असते. तुझ्या फॉर्मवर हेही लिहायला पाहिजे.

वहिनी : खरं आहे. आणि तुम्ही विचारता तसं कामधंद्याचं. मासोळी साफ करतो का, घरी माशांची टाकी आहे का, शेतात काटा रुतला होता का, कूलरची टाकी धुताना हात कापला होता का. मला काचेवर हे कधीच दिसत नाही.

काका : धिवर असेल तर विचारावंही लागत नाही, हात बघितले की कळतं. बरं, आता माझा शेवटचा प्रश्न, आणि याचं उत्तर तुझ्याकडे नाही हे मला माहीत आहे. क्षय निघाला तर गोळ्या फुकट. वर पोषणाचे पैसे खात्यात, आधी महिन्याला 500 होते, आता 1000. कुष्ठरोग निघाला तर गोळ्यांचं पाकीट फुकट. तुझा अ‍ॅबसेसस निघाला तर? अमिकासिनची इंजेक्शनं, लिनेझोलिड, क्लॅरिथ्रोमायसिन, सहा-सहा महिने. कोण देणार? एटापल्लीच्या माणसाला तू एक लांब नाव देशील, आणि त्या नावाखाली कुठलीही सरकारी खिडकी उघडत नाही.

वहिनी : नाही उघडत. यावर मी वाद घालणार नाही. या जंतूंसाठी क्षयासारखा कार्यक्रम नाही, आणि असायला हवा. निदान अवयव बसवलेल्या, किमोथेरपीवर असलेल्या माणसांपुरता तरी हवा. आपणच त्यांची प्रतिकारशक्ती उपचार म्हणून काढून घेतली आहे. मग त्यातून येणाऱ्या रोगाचा खर्च त्यांच्या एकट्यावर का टाकायचा? पण नाव कळलं नाही, तर मागायचं तरी काय? नाव आणि कोणतं औषध चालतं याचा रिपोर्ट हातात असेल, तर समाजसेवा अधीक्षकांकडे अर्ज करता येतो, ट्रस्टकडे जाता येतं, किडनीच्या विभागाला जबाबदार धरता येतं. निदान न चालणाऱ्या गोळ्यांवरचा खर्च तरी वाचतो.

काका : अर्ज मंजूर होईस्तोवर?

वहिनी : तोवर तुम्ही त्याला धरून ठेवायचं मामाजी. ते मला नाही जमत. तुम्हाला जमतं.

काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी टेबलावरचं चिठ्ठ्यांचं पॅड पुढे ओढलं.

काका : सांग, फॉर्मवर काय काय लिहायचं ते.

वहिनी : किडनी कधी बसवली. औषधं कोणती, डोस किती. गाठ कुठे, किती दिवसांची, ओळीने चढते का. पाण्याचा, माशाचा, काट्याचा, ऑपरेशनचा संबंध. कानाची पाळी आणि नसा तपासल्या का, काय सापडलं. आधी कोणती गोळी, कोणतं मलम. एक तुकडा फॉर्मलिनमध्ये, एक सलाइनमध्ये. खाली ठळक : तीस आणि सदतीस, दोन्ही अंशांवर लावावे, नमुना सहा ते आठ आठवडे ठेवावा.

काका : आणि त्याखाली मी दोन फोन नंबर लिहीन. एक त्याचा, एक त्याच्या गावच्या आशाताईचा. त्याचा फोन बंद असतो. आशाताईचा लागतो.